तेझेक आहे का?

बुरुलचाच्या जिभेला हाड नाही, हे कारा-जार गावाला तिच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावाशी जुळणारा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही, हे आईने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पण गवताने भरलेली गाडी उतारावर सुटली, सासरा पाठमोरा उभा, आणि नवी नवरी किंचाळली, "कासिम, हो की बाजूला!" सासरा वाचला. मात्र सुनेने नाव घेतलं, तेही अरेतुरे करून, म्हणून तो मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही. बुरुलचा म्हणायची, "त्याचा जीव वाचला आणि माझं डोकं."

पुढे नवरा गेला, मुलं मॉस्कोकडे पांगली. बुरुलचाने अंगणातल्या लांबड्या गोठ्यात नमदे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड सतरंज्या, करायला घेतले. गावातल्या बायका सकाळी येत, लोकर पिंजत, उकळतं पाणी ओतत, चटईत गुंडाळून लाथांनी लाटत, आणि जी हजर नसेल तिलाही त्याच पाण्यात बुचकळून काढत. असल्या बाईला गावाने आरोग्य समितीची अध्यक्ष केलं. पगार काही नाही, आणि काम लोकांच्या घरात नाक खुपसायचं. ते ती आधीपासून फुकटच करत होती.

राजधानीतून क्षयाच्या कामासाठी बेगाइम नावाची पोरगी आली तेव्हा गावातल्या तीन बायकांना क्षय होता आणि तिघीही दवाखान्यात जायच्या बंद होत होत्या. गोळ्या रोज नर्ससमोर गिळायच्या असा नियम. पण दवाखान्याचं दार बसथांब्यासमोर, शेजारी दुकान, आणि दुकानासमोर बाकावर दिवसभर बसलेले बिनकामाचे पुरुष. आत गेलेली बाई बाहेर येईपर्यंत तिचा रोग पुढच्या गावी पोचलेला असे.

तिघींत धाकटी गुलसुन. नावातच सून असल्यावर पोरीचं दुसरं काय होणार! नवरा मॉस्कोत बांधकामावर, घरात विधुर सासरा आणि नुकती चालायला लागलेली लेक. माहेरी गेली असताना तालुक्याला खोकला तपासला आणि क्षय निघाला. तिने तो सासरी कुणाला सांगितला नव्हता. गल्लीपलीकडे दोन नणंदा राहत, आणि त्यांना कळलं की लेक ठेवून घेतील आणि आईला माहेरची वाट दाखवतील, याची तिला खात्री होती. गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग औषधालाच जुमानेनासा होतो आणि शहरातल्या इस्पितळात पडून राहावं लागतं, हेही तिला डॉक्टरने सांगितलं होतं. कसंही झालं तरी लेक जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"एजे, आम्ही सांगायला नाही, ऐकायला आलोय," बेगाइम म्हणाली. थोरल्या बाईला एजे म्हणायची रीत.

"मग जेवायलाच थांब," बुरुलचा म्हणाली. "आमच्यात ऐकायला फार वेळ लागतो."

पोरीने भिंतीवरच्या गालिच्यावर रंगीत कागद चिकटवले. बायकांना गोल बसवलं आणि सांगितलं, "समजा, तुम्ही गोळी आहात. तुम्हाला काय वाटतंय?" शेवटी एक म्हातारी म्हणाली, "मला कुणीतरी चहाबरोबर गिळावं असं वाटतंय, बाई. कधीचा चहा मागतेय." गोठा हसून लोटपोट झाला. पण बेगाइमही हसली, आणि दुसऱ्या दिवशी कागद गुंडाळून ती बसथांब्यावर जाऊन बसली. दिवसभर थंडीत कुडकुडत तिने पाहिलं, की गुलसुन दवाखान्यापर्यंत आली, दुकानातून काडेपेटी घेतली आणि परत गेली. बुरुलचाने त्या दिवसापासून बेगाइमला पोरगी म्हणायचं सोडलं आणि माणूस म्हणायला लागली.

तोडगा मग गोठ्यातच निघाला. बायका रोज बुरुलचाकडे येतातच. नर्सने गोळ्या तिच्याकडे द्याव्यात, तिघींनी तिच्या मागच्या खोलीत तिच्या डोळ्यांदेखत गिळाव्यात. पण भरल्या गोठ्यातून मागच्या खोलीत जायला कारण हवं. दहा नाकं तिथे लोकर पिंजत असतात.

"एखादा शब्द ठरवू," बेगाइम म्हणाली. "कुणाला संशय येणार नाही असा."

"तेझेक!" बुरुलचाने मांडीवर थाप मारली. तेझेक म्हणजे गोवरी. "दारात यायचं आणि विचारायचं, तेझेक आहे का? मी म्हणेन, मागे आहे, घे जाऊन. गोळी गिळायची, ओच्यात दोन गोवऱ्या घालून घरी जायचं. शेणाबद्दल आजपर्यंत कुणाला कुतूहल वाटलंय?"

बेगाइमने ते हिरव्या कागदावर लिहिलं आणि गालिच्याच्या मधोमध चिकटवलं. बुरुलचाला इतका अभिमान वाटला, की तिने त्या दिवशी कैमाकची वाटी पाहुण्यांपुढे स्वतःहून सरकवली. एरवी ती साय कुलपात असे.

बाकीच्या दोघी आल्या, गोवऱ्या घेऊन गेल्या, रोज येत राहिल्या. गुलसुन आली, दारात उभी राहिली, ओठ हलवले, लाल झाली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी "एजे, ते... जळतं ते... आहे का?" असं काहीतरी पुटपुटली. "काड्या? दुकानात बघ," बुरुलचा हातातल्या लोकरीवरून नजर न काढता म्हणाली. त्यानंतर गुलसुन आलीच नाही.

बुरुलचा भडकली. मनातल्या मनात भडकणं तिच्या शब्दकोशात नव्हतं, म्हणून मोठ्याने भडकली, फक्त नाव घेतलं नाही. "काही माणसांना ताटात वाढून दिलं तरी भरवायला नोकर लागतो!" आठवडा झाला. मग ती उठली, गोळ्यांचं पाकीट अंगरख्यात कोंबलं आणि गुलसुनच्या घरी थडकली. म्हातारा घोड्याला पाणी दाखवायला गेलेला. गुलसुन चुलीपाशी खोकत होती.

"काय गं ए! मरायचंय का तुला? लेकीला सवतीच्या हातचं खाऊ घालायचंय?"

"एजे, मी येत होते. रोज येत होते."

"मग तोंडात काय सुक्या दह्याचं कुरूत धरलं होतंस? तीन शब्द! तेझेक आहे का!"

गुलसुनने दाराकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "एजे, हळू! तो शब्द या घरात... मी कसा घेऊ?"

बुरुलचा मटकन खाली बसली. गुलसुनच्या सासऱ्याचं नाव तेझेकबाय. अख्ख्या गावाला ठाऊक असलेलं नाव, रोज रस्त्यात हाक मारायचं नाव. ही पोरगी लग्न होऊन आल्यापासून गोवरीला 'चुलीचं' म्हणत होती. आणि सुनेचे नियम पहिल्याच दिवशी गाडीखाली चिरडून मोकळी झालेल्या बुरुलचाला, ते नियम दुसऱ्या कुणाच्या मानेवर अजून आहेत, याची आठवणसुद्धा राहिली नव्हती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. लाज वाटायची सवय नसल्याने ती तिला नीट जमेना.

"कोण म्हणतं माझं नाव?" दारातून आवाज आला. तेझेकबाय टोपीवरचा बर्फ झटकत आत आला.

"कुणी नाही, अक्सकाल," बुरुलचा त्याला मानाने म्हणाली. "आम्ही आपलं जळणाबद्दल..."

"बुरुलचा, तुला खोटं बोलता येत नाही. मध्यंतरी माझा रक्तदाब बघायचाय म्हणून तालुक्याला नेलंस आणि छातीचा फोटो काढून आणलास. नातीचाही काढलास. रक्तदाब काय फासळीत असतो? मी गाढव आहे?"

"निम्मे तरी असाल असं वाटलं होतं," बुरुलचा म्हणाली, कारण तिच्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

"फोटोत काही नाही ना?"

"नाही. दोघंही ठणठणीत."

"मग खोकतेय ती एकटीच." म्हातारा सुनेकडे न बघता बसला. सासऱ्याने सुनेकडे टक लावून बघायचं नसतं. चुलीकडे बघतच तो म्हणाला, "माझ्याआधी आईची पाच मुलं गेली, अशीच खोकत. म्हणून माझं नाव शेण ठेवलं. मरण आलं तरी नाक दाबून पुढे जाईल म्हणून. तेव्हा दुसरं औषध नव्हतं." मग एकदम ओरडला, "त्या नावापायी आता माझी सून मरणार? घे म्हणावं नाव! घे! मी सांगतोय!"

गुलसुन रडायला लागली, पण तिने नाव घेतलं नाही. गोळी मात्र गिळली, बुरुलचाने पुढे केलेल्या दह्याबरोबर.

संध्याकाळी बुरुलचाने बेगाइमला फोन लावला. "तुझी चूक सापडली."

"माझी?"

"बरं, माझी. पण गालिच्यावर तू चिकटवलीस. सगळ्यांना विचारलंस, गुलसुनलाच विचारायचं राहिलं."

"विचारलं होतं, एजे. ती काहीच बोलली नाही."

"तेच ऐकायचं होतं, बाई. आता शब्द बदल."

शब्द बदलायची पाळीच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठा बायकांनी भरलेला असताना तेझेकबाय घोड्यावरून आला आणि दारातूनच गरजला, "बुरुलचा, तेझेक आहे का?"

"समोर उभं आहे की!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"हसा. मला क्षय झालाय. हिच्याकडे गोळ्या आहेत, त्या न्यायला आलोय. कुणाला काही विचारायचंय?"

कुणाला काही विचारायचं नव्हतं. बुरुलचाने तोंड उघडून मिटलं, आणि गावाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. तिने गोळ्या रुमालात बांधून दिल्या. त्यानंतर म्हातारा रोज येई, गोळी नेई, सुनेसमोर ठेवी आणि ती गिळेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसे. गावाने त्याच्याशी हात मिळवायचं सोडलं. लग्नाकार्यात मेंढ्याचं डोकं वयाने सर्वांत मोठ्या माणसापुढे ठेवतात, ते त्याच्या पुढ्यातून दुसऱ्याच्या पुढे गेलं. नणंदांनी, म्हणजे त्याच्या सख्ख्या मुलींनी, आपली पोरं आजोबांकडे पाठवायचं बंद केलं. बुरुलचा घरी येऊन उशीत तोंड खुपसून सगळ्यांना शिव्या देई. खाई त्याला खवखवे. शब्द तिनेच निवडला होता.

उन्हाळ्यात गुलसुनच्या गोळ्या संपल्या. थुंकी तपासली, स्वच्छ निघाली. त्याच आठवड्यात शेजारच्या घरी लग्न होतं. ओळीने बसलेल्या म्हाताऱ्यांना गुलसुन चहा ओतून देत होती. तेझेकबायला दाराजवळ बसवलं होतं, आणि त्याच्यासाठी काठाचा टवका उडालेला एक वेगळा वाडगा ठेवला होता. तो काही बोलला नाही. तळलेलं बोरसोक मोडून चहात बुडवत राहिला.

"बुडवून रोग जात नाही हो," त्याच्याच एका मुलीने चारचौघांत म्हटलं.

बुरुलचा उठलीच होती. काय बोलायचं ते तिने अर्धं जुळवलंही होतं, आणि ते चांगलं नव्हतं. पण तेवढ्यात गुलसुनने किटली खाली ठेवली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. तिने सासऱ्यापुढचा टवक्याचा वाडगा उचलला आणि स्वतःपुढे घेतला.

"माझ्या अताकेंना काही झालेलं नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "क्षय मला झाला होता. मला. गोळ्या मी खाल्ल्या. आता बरी आहे. कुणाला मला माहेरी पाठवायचं असेल तर समोर येऊन सांगा, माझी लेक माझ्याबरोबर येईल."

नणंदा एकमेकींकडे बघत राहिल्या. बुरुलचाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

तेझेकबायने पहिल्यांदा सुनेकडे मान वर करून सरळ पाहिलं. "माहेरी कसली जातेस," तो म्हणाला, "चहा ओत. केव्हाचा रिकामा बसलोय."