खोट्या मारामारीचा परवाना

माझ्या परसात एक परदेशी माणूस रोज सकाळी गडग्यावरून खाली पडायचा. गडगा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं कुंपण, चांगलं छातीएवढं उंच. त्याच्यावर चढायचा, कुणीतरी जबड्यावर ठोसा दिल्यासारखी मान फिरवायचा आणि पाठीवर खाली, भाताची पेंढी टाकावी तसा. पहिल्या दिवशी मी हातातली शेणाची पाटी टाकून धावत गेले. म्हटलं, मेला हा आता. तर तो उठला, माती झटकली आणि हसून म्हणाला, "माँजी, ये मेरा रोटी है."

तो उझबेकिस्तानचा. सिनेमाची कंपनी मालगुंडच्या पलीकडे आमच्या किनाऱ्यावर शूटिंगला आली होती, दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. बडी मंडळी हॉटेलात उतरली आणि मारामारी शिकवणारा हा फाइट मास्टर माझ्याकडे टाकला. पर्यटकांसाठी मी दोन खोल्या काढल्या होत्या, त्यातली कोपऱ्यातली स्वस्त. हिंदी तो इकडचे सिनेमे बघून बघून शिकलेला, त्यामुळे साधं मीठ मागायचं तरी आवाजात असा काही गहिवर आणायचा की मला हसू आवरत नसे.

मारामारी शिकवायला माणूस लागतो हेच मला नवल. आमच्याकडे ती न शिकवता येते.

एकदा जेवताना त्याने मला त्याचं काम समजावून सांगितलं. मूठ माझ्या तोंडावर आणली आणि हनुवटीपासून वीतभर अलीकडे थांबवली. म्हणे, सगळी कला ह्या थांबवण्यात. "और माँजी, नकली मार में आवाज नहीं होता. आवाज बाद में डालता है. असली में पहले आवाज."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, ते मला नको सांगूस बाबा. माझे यजमान जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आता लपवण्यासारखं काही नाही. ते हात उचलायचे. पाठीत बसलं की एक आवाज, कानशिलात बसलं की वेगळा, आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटतं त्याचा तर आतूनच येतो. हे सगळं मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"उस का हाथ नहीं रुकता था?"

"नाही रे. कधीच नाही."

हात धुतले, बाहेर गेला आणि भर दुपारी त्या गडग्यावरून पुन्हा पडायला लागला.

आता त्याच्या परवान्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आलं. तो आला होता पर्यटकाच्या व्हिसावर. पर्यटकाने फिरायचं, फोटो काढायचे, शहाळं प्यायचं. काम करायचं नाही. कामाचा व्हिसा हवा तर कंपनीने पत्र द्यायचं, ते घेऊन ह्याने आपल्या देशात परत जायचं आणि तिथल्या भारताच्या वकिलातीतून तो आणायचा. मग इथे पोलिसांकडे नाव नोंदवून राहण्याचा परवाना. तो मिळाला की मुंबईत रीतसर खोली, बायको आणि मुलगी इथे, आणि पडद्यावर ह्याचं नाव. तोवर मार हा खाणार आणि नाव दुसऱ्याचं. तिकडे तो सर्कशीत घोड्यावर कसरती करायचा, ती सर्कस बंद पडली होती, म्हणजे मागे जाऊन करायचं तरी काय? पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधलेला असायचा, आंघोळीलासुद्धा काढत नसे. कंपनीचा मॅनेजर त्याला रोज सांगायचा, कागद दिल्लीला गेलेत. मी एकदा त्या मॅनेजरला म्हटलं, "अहो, दिल्लीला चालत गेले काय हो कागद?" तर तो म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त जेवणाचं बघा."

आमच्या गावात वाड्या दोन, वरची आणि खालची. शिमग्याला देवीची पालखी निघते, तिला पहिला खांदा कुणाचा यावरून दोन्हींचं पिढीजात वैर. माझ्या डोळ्यांदेखत एकदा देवळाच्या पायरीवर एका माणसाचा कान अर्धा तुटून लोंबत होता. शेवटी सरकारने पालखीला कुलूप लावलं. देवी देवळात कोंडलेली आणि माणसं गावात मोकळी. त्या वर्षी मोठ्या मिनतवारीने परवानगी मिळाली होती, पण अट अशी की दोन्ही वाड्यांत एवढीशी जरी मारामारी झाली तरी कुलूप परत.

आणि कंपनीला मारामारीच्या प्रसंगाला गावातली माणसं हवी होती. रोजगार आणि दुपारचं जेवण. बागेतले गडी, मासेमारीची पोरं, सगळे गेले. आमच्या फाइट मास्टरने त्यांना सांगितलं, दो टोली बनाओ. त्यांनी केल्या. ह्याला बिचाऱ्याला काय कल्पना! आणि गावातल्या एकानेही त्याला सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते ते जगाला माहीतच होतं.

मी त्याचा डबा घेऊन किनाऱ्यावर पोचले तर सुरूच्या बनापुढे माणसं समोरासमोर उभी. एकीकडे लाल फडकी बांधलेले, एकीकडे पिवळी. मी लाल बाजूची तोंडं बघत गेले. सगळी वरची वाडी. पिवळी बाजू अख्खी खालची. हातांत रबराचे कोयते. खरे कोयते झाडाखाली ठेवायला लावले होते, ते तिथे ढिगाने पडलेले.

मी वाळूतून पळत सुटले. "अरे, ये दोनों का असली झगड़ा है! अदलाबदल करो! इधर का उधर घालो!"

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्याला समजलं, कारण त्याचा हात वर गेला. पण तेवढ्यात भोंग्यातून दिग्दर्शकाचा आवाज आला आणि दोन्ही बाजू धावल्या.

सुरुवातीला सगळं त्याने शिकवलं तसं. हात वर जातोय, वीतभर अलीकडे थांबतोय, समोरचा पडतोय. मला वाटलं, शिकली की पोरं. मग आवाज आला. ओला कपडा दगडावर आपटावा तसा. तो आवाज माझ्या ओळखीचा. मग दुसरा. मग कुणीतरी बोंबललं, "तुझ्या बापानं घेतला व्हता काय रे पहिला खांदा?" आणि मग काही उरलंच नाही. रबराचे कोयते फेकून दिले. होडीची वल्ही आली, कुंपणाचे खांब उपटले गेले, धोंडे आले. एकाचं तोंड वाळूत दाबून दुसरा त्याच्या मानेवर बसला होता. एका पोराच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर पडलं. आणि तिकडे उंचावर दिग्दर्शक टाळ्या वाजवत होता! "वा! चालू ठेवा, कॅमेरा चालू ठेवा!"

मग मला दिसलं, वरच्या वाडीतल्या एकाने कमरेचा कोयता काढलाच नव्हता. सदऱ्याखाली होता. तो वर गेला आणि खालच्या वाडीतल्या आमच्या माडावर चढणाऱ्या गड्याच्या हातावर आला. मनगटाच्या वर. मी हाड बघितलं. पांढरं असतं.

फाइट मास्टर तोवर आत घुसला होता. कोयतेवाल्याचा हात त्याने दुसऱ्या घावाआधी वरच्या वर धरला, पिरगळला, कोयता काढून घेतला. त्याच्या भुवईवर धोंडा बसला तरी सोडला नाही. जखमी माणसाला पाठीशी घालून तो कोयता आडवा धरून उभा राहिला, तोंड रक्ताने भरलेलं, आणि ओरडत होता, "बस! बस!" पोलीस आले तेव्हा तो तसाच उभा. रक्ताचा कोयता त्याच्या हातात.

हवालदाराने काही विचारायच्या आधी त्याच्या कानाखाली वाजवली.

मॅनेजर पुढे झाला. म्हणाला, "साहेब, हा टूरिस्ट आहे. शूटिंग बघायला येतो. आमचा काही संबंध नाही." मी जवळच उभी होते. महिनाभर ज्याचं जेवण ह्याने माझ्याकडे सांगितलं होतं, त्याच्याशी संबंध नाही! आणि शूट केलेलं रीळ? ते म्हणे खराब झालं.

रत्नागिरीला नेलं त्याला. जखमी गड्याला तिथल्याच सरकारी इस्पितळात टाकलं होतं, हात वाचला, पण बोटं मिटेनात. त्याने जबानी दिली की घाव परदेशी माणसाने घातला. का दिली हे गावात सगळ्यांना कळलं. खरं नाव घेतलं असतं तर ती दोन वाड्यांची मारामारी ठरली असती आणि पालखी परत कुलपात.

मी फाइट मास्टरचा धुतलेला सदरा घेऊन पोलीस ठाण्यात गेले. बाकावर बसवला होता, भुवई शिवलेली, गळ्यातली पिशवी काढून घेतलेली. मला बघून हळूच म्हणाला, "माँजी, काम मत बोलना. मेहमान बोलना. टूरिस्ट बोलना. काम बोला तो खतम. कभी वापस नहीं आने देगा."

"अरे, मग कोयता कसा होता तुझ्या हातात? पर्यटक कोयता घेऊन फिरतो काय?"

"वो देखेंगे. केस होगा, वकील होगा. तुम काम मत बोलना."

घरी आले तर तिन्हीसांजेला दोन्ही वाड्यांची कर्ती माणसं माझ्या अंगणात. एकमेकांच्या सावलीला न उभी राहणारी, एका चटईवर बसली होती.

"वैनी," खालच्या वाडीतला म्हणाला, "तू काय बगितला नाय. तू डबा ठेवलास नि परत आलीस."

"सगळ्यांनी बगितला मला वाळूतून धावताना."

"मग इसरतील," वरच्या वाडीतला म्हणाला. "त्या मानसाचा काय? तो जाईल आपल्या मुलखात. आपल्याला हयतंच ऱ्हायचा हाय, काकी. तुलाही."

"धमकी देतोस काय रे? तुझं नाक पुसलंय मी लहानपणी."

ते उठून गेले. थोड्या वेळाने कौलांवर पहिला धोंडा पडला. मग दुसरा. तिसरा कौल फोडून खाली चुलीपुढे, जिथे मी बसले होते तिथून हातभर. कुठल्या वाडीतून आला ते मात्र सांगता येत नव्हतं. एवढी एकी मी गावात पूर्वी कधी बघितली नव्हती.

सकाळी पुन्हा रत्नागिरीला. परदेशी लोकांचं बघणारा अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. म्हणाला, "काकू, नीट विचार करा. पर्यटक म्हणालात तर कोयत्याचा गुन्हा त्याच्यावर लागतो. तिथे कशाला गेला होता, हेच त्याला सांगता येत नाही. कामावर होता म्हणालात तर कोयता सुटेल, पण मला त्याला बाहेर काढावं लागेल. पासपोर्टवर पुन्हा येऊ न देण्याचा शेरा मारून. आणि त्याला ठेवून घेतलं म्हणून तुम्हालाही विचारणा होईल."

मला तो बाकावरचा चेहरा दिसत होता. पण इस्पितळातली ती न मिटणारी बोटंही दिसत होती, आणि ती कुणाच्या नावावर लिहिली जाणार होती तेही. मी म्हटलं, "लिहा. तो कामावर होता. हात कसा थांबवायचा ते शिकवायचं काम. महिनाभर माझ्या परसात मी बघितलंय. कोयता त्याने काढून घेतला, मारला नाही." आणि मारला कुणी, तेही नाव सांगितलं.

त्याच्या देशात परत धाडण्यासाठी त्याला मुंबईला न्यायला जीप आली तेव्हा मी ठाण्याच्या फाटकाशी थांबले होते. पासपोर्ट शिपायाच्या खिशात होता. मी काय लिहून दिलं ते त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"जेल से आदमी छूटता है, माँजी," तो म्हणाला. "ये ठप्पे से नहीं छूटता."

"सात-आठ वर्षं सडला असतास रे तू आत. पोर मोठी झाली असती तुझी."

"वो मेरा था," तो म्हणाला. "सोचने का मेरा था."

ठरवायचं होतं त्याचंच, आणि तरी आज पुन्हा विचारलं तर मी तेच लिहून देईन. तो जीपमध्ये चढला, शिपायाने त्याला आत सरकवलं, आणि पुढच्या सीटच्या पाठीला कपाळ टेकून तो खाली बघत बसला. मी त्याला दोनदा हाक मारली. त्याने मान वर केली नाही.