बनियनबाई

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी तपासणीचा घरगुती मार्ग काढला. नवऱ्याचा सुती बनियन जमिनीत वीतभर खोल पुरायचा आणि दोन महिन्यांनी उकरायचा. माती जिवंत असली की तिच्यातले जीव त्याची चाळण करतात. गावाने त्यांचं नावच बनियनबाई पाडलं. नवरा कुरकुरायचा, "अगं, एखादा तरी माझ्या अंगाला ठेव!"

शेजारचा बागवाला दरवर्षी पालापाचोळा जाळायचा आणि तणनाशक मारून जमीन लख्ख ठेवायचा. बाईंनी त्याच्या बागेत पुरलेला बनियन जसाच्या तसा निघाला. स्वारी खूश! "बघा वहिनी, जमीन किती स्वच्छ! धुऊन टाका, अजून वर्षभर जाईल."

"स्वच्छ कसली, कपाळ!" बाई कडाडल्या. "भरलं ताट तसंच राहिलं, म्हणजे घरात जेवायला कुणी उरलं नाही. त्यात मिरवायचं काय? पाचोळा झाडाखाली अंथरा, आणि तो फवारा टाका माळ्यावर."

बागवाल्याने तोंड फुगवलं. पण त्या वर्षी त्याच्या बागेतून पाचोळ्याचा धूर काही निघाला नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी तो चिखलाच्या पायांनीच थेट स्वयंपाकघरात शिरला. हातात नुसती शिवण लोंबत होती. "वहिनी, खाल्ला! सगळा खाल्ला हो!"

नवऱ्याने घाईघाईने कपाट उघडून आपले बनियन मोजले.

"तुमचा नाही हो दादा," बागवाला छाती ठोकून म्हणाला, "माझ्या अंगावरचा काढून पुरला होता!"