मामाजींसाठी हळू केलेली गाडी

कोणतीही वस्तू हाती आली की कुंदा ती आधी उलटी करून पाही. मिक्सर असो, नवी चप्पल असो, नाहीतर माझ्याकडून नेलेला कुकर. "वरून सगळंच चांगलं दिसते ताई, खालून पाहा लागते," म्हणत ती तळाचे स्क्रू न्याहाळायची. सिंदी मेघेत आमच्या दोन घरांमध्ये कंबरेएवढी एकच भिंत. ती सरकारी कचेरीत लिपिक, मी शाळेत शिक्षिका. संध्याकाळी त्या भिंतीशी उभ्या राहून आम्ही दिवसभराचं बोलून घ्यायचो.

तिचे सासरे, म्हणजे तिचे मामाजी, मूळचे अल्लीपूरचे. जन्मभर भाजीपाला पिकवलेला, ट्रॅक्टर स्वतः चालवलेला माणूस. सासूबाई गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले आणि शेतातली करडी नजर घरात घेऊन आले. वरणातलं मीठ, दाराची कडी, दोरीवरचे कपडे, सगळ्यात त्यांना चूक सापडायची. कुंदा मात्र कधी चिडली नाही.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बोटं हलवली नाहीत तर मूठ अशीच मिटून राहील. त्यांनी दिलेला रबरी चेंडू मामाजींनी डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. जेवण भरवताना ते डोळे मिटून घेत. त्यांच्या तक्रारी ऐकायची सवय असलेलं ते घर एकदम गप्प झालं.

कुंदाचा मुलगा ओजस पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्याचा रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक माळ्यावर राहिला होता. गुडघ्याएवढा उंच, जाड जाड टायर, स्प्रिंगांवर उभा. त्याचा रिमोट पिस्तुलासारखा. डाव्या हातात धरून बोटाने वेग द्यायचा आणि उजव्या हाताने बाजूचं छोटं चाक फिरवून गाडी वळवायची. एका रविवारी साफसफाईत तो खाली आला, कुंदाने तो उलटा करून पाहिला आणि मग रिमोटचं छोटं चाक उजव्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने तो मामाजींच्या हातात दिला. त्यांनी बोट दाबलं मात्र, ट्रक अंगणात सुसाट सुटला. उजव्या हाताने वळवायला गेले तर हात हिसका देऊन थांबला आणि ट्रक कोलांटी खाऊन पाठीवर पडला. रस्त्यावरून जाणारं कोणीतरी हसलं. मामाजींनी रिमोट मांडीवरून ढकलून दिला आणि तोंड फिरवलं.

"झालं समाधान?" कुंदाचा नवरा विलास म्हणाला. "काऊन त्याइले त्रास देऊन राह्यली?"

"गाडी उलटली, मामाजी नाई उलटले," कुंदा म्हणाली. "गाडीच बदलवतो मंग."

तिला यातलं काही येत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे, परातीत सुटे भाग मांडायचे, चुकायचं, पुन्हा उघडायचं. आधी तिने रिमोटवरूनच वेग कमी केला, तर ट्रक गवतात अडून बसला आणि मोटर तापली. मग ओजसकडून मोटरवरचं लहान दातेरी चाक मागवलं. त्याने वेग उतरला आणि ओढ वाढली. दोन चाकांचे दाते फार घट्ट बसले तर करकरतात म्हणून मध्ये कागदाची पट्टी धरून ती स्क्रू आवळायची आणि मग पट्टी ओढून काढायची. बॅटरी खाली सरकवली, चाकं बाहेरच्या अंगाला घेतली, शॉकअपमध्ये दाट तेल भरलं. रिमोटच्या छोट्या चाकाला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली, मामाजींच्या मुठीत मावेल इतकी जाड.

ट्रक आता उलटेना. पण एक चाक उचललं गेलं की तेच नुसतं गरगरायचं आणि गाडी जागीच राहायची. म्हणून दोन्ही बाजूंची चाकं सोबतच फिरावीत यासाठी तिने पुढच्या-मागच्या दोन्ही गिअरपेट्यांत घट्ट ग्रीस ठासलं. मामाजींनी नाइलाजाने रिमोट घेतला, चाक फिरवलं. गाडी वळायचं नाव घेईना.

"च... चूक," मामाजी म्हणाले.

मी भिंतीपलीकडून पाहत होते. कुंदा जागच्या जागी थबकली.

"काय चुकलं मामाजी?"

"पुढं... जड."

तिने तिथेच, पायरीवर बसून, पुढची पेटी उघडली आणि ग्रीस कमी केलं. त्या दिवसापासून मामाजी रोज अंगणात खुर्ची मागू लागले. मागून घसरते, डावीकडे ओढते, उडी फार मारते. एकेका शब्दाने ते दोष काढायचे आणि कुंदा उघडून बसायची. हा व्यायाम आहे, असं तिने एकदाही म्हटलं नाही. विलास एकदा "डॉक्टरीणबाई म्हणत होत्या..." असं सुरू करणार, तोच तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत चहा ठेवायला गेला.

हिवाळ्यात ते सगळे अल्लीपूरला गेले, मलाही नेलं. मामाजींची खुर्ची धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवली. वांग्यांच्या दोन ओळींमधून त्यांनी ट्रक सोडला. ढेकळांवर एक चाक वर जाई, दुसरं खाली, पण गाडी आपल्या चालीने विहिरीपर्यंत गेली. तिथे मामाजींची उजवी मूठ सावकाश वळली, गाडीही वळली आणि परत त्यांच्या पायाशी येऊन थांबली. त्यांनी रिमोट कुंदापुढे धरला.

"तू... चालव."

इतके महिने तिने ती गाडी फक्त तपासण्यापुरतीच चालवली होती. आता ती ओळीतून चालवू लागली आणि मामाजी मागून "हळू... वांगी... वांगी!" म्हणून ओरडू लागले.

त्यानंतर मामाजी दोन वर्षं होते. घास स्वतःच्या उजव्या हाताने घ्यायचे, थोडा सांडायचे. ते गेल्यावर कुंदाची तळेगावला बदली झाली. सामान टेम्पोत चढत असताना मी तिला विचारलं, एवढा धीर तुला आला कुठून?

ती पदराने हात पुसत म्हणाली, "धीर कायचा ताई. मामाजी पडले तवापासून माह्या स्वयंपाकाले कोणी नाव ठेवलं नोतं. मी खारट वरण केलं तरी गुपचूप गिळत. मले त्याचीच लय भीती वाटे. त्याइनं एकदा तरी मले चूक म्हणावं, एवढंच पाह्यजे होतं."