शनिवारचं उड्डाण

अदीना किहीमकरला आणखी एकदा उडायचं होतं. बस्स, एवढंच मागणं. अर्धं आयुष्य तिने एका बड्या एअरलाइनच्या केबिन क्रूमध्ये काढलं होतं, आणि पन्नाशी उलटल्यावर कंपनीने 'रीस्ट्रक्चरिंग' असं गोंडस नाव देऊन तिला घरी बसवलं. बसली बिचारी लंडनच्या इल्फर्ड भागातल्या फ्लॅटमध्ये. पण डोक्यावरून विमान गेलं की कांदा चिरता चिरता सुरी थांबायची आणि बाई खिडकीशी.

अर्ज तर किती केले! सगळीकडून गोड गोड इंग्लिशमध्ये नकार. या वयाच्या बाईला केबिनमध्ये घेतो कोण? घेणारा निघाला तो गल्लीतलाच, नवीदभाई.

नवीदभाईंचं लोकांना उमराहला मक्केला पाठवण्याचं ट्रॅव्हलचं दुकान. त्यांच्या अम्मी स्वतः निघाल्या, तेव्हा विमानात शेजारच्याने त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर व्हिस्की सांडली. म्हातारी पुढचा सगळा प्रवास रडत होती. तेव्हापासून नवीदभाईंच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच: दारू नाही, जेवण हलाल, उड्डाणाआधी दुआ, अशी एअरलाइन काढायची. नावही ठरलं, रहबर एअर. ओळखीपाळखीच्यांनी तोंडावर नाही, पण पाठीमागे भरपूर हसून घेतलं. अदीना हसली नाही. तिने जाऊन विचारलं, क्रूला शिकवणार कोण?

तिने आधीच सांगून टाकलं, मी ज्यू, मुंबईची बेने इस्रायल, चालणार असेल तर बोला. नवीदभाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "आपा, डुक्कर तुम्ही खात नाही, आम्ही खात नाही. अर्धं ट्रेनिंग इथेच झालं."

ठरलं. मुलींना ती शिकवणार, आणि पहिल्या उड्डाणाला केबिनची प्रमुखही तीच. तिची अट एकच, शनिवारी काम नाही.

ही अट काही उगाच नव्हती. तिच्या पूर्वजांचा कोकणात तेलाचा घाणा होता. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, तो बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. बड्या एअरलाइनच्या रोस्टरपुढे मात्र कसला शब्बाथ नि कसलं काय! ती वर्षानुवर्षं शनिवारी उडत राहिली. नवरा डेव्हिड हार्ट अटॅकने गेला तोही शनिवारीच, आणि ही तेव्हा नैरोबीच्या हॉटेलात झोपलेली. परत येऊन त्याच्या मातीपाशी तिने शब्द दिला की आता शनिवार मोडणार नाही.

दीर मनाशे फोनवर चिडवायचा, "वहिनी, हलाल विमानात कोशर हवाई सुंदरी!" कोशर म्हणजे ज्यूंचं हलाल. ती म्हणायची, चिडव बाबा, चिडव. मनातून हरखली होती. पहिलं उड्डाण सुखरूप झालं की एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावाने मलिद्याचा प्रसाद करीन, असा नवसही तिने बोलून टाकला होता.

साड्यांच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेतला. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा म्हणजे विमान. मुली हिजाबवाल्या, हुशार, पण आवाज असा की शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जायचा नाही. सुमैया तर सगळ्यांत लाजाळू. अदीनाने तिला खुर्चीवर उभं केलं आणि म्हणाली, विमान पेटलंय, ओरड! सुमैया अशी ओरडली की खालचा साडीवाला मोजपट्टी घेऊन वर धावत आला. त्या दिवसापासून पोरगी बदलली.

आणि मग माशी शिंकली. विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीने पाहुण्यांना दाखवायच्या पहिल्या फेरीसाठी दिवस दिला तो नेमका शनिवार. नवीदभाईंनी रविवारासाठी हातापाया पडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी मिठाईचा डबा घेऊन ते स्वतः तिच्या दारात आले. गुंतवणूकदार येणार होते, सगळं त्या एका तासावर होतं. बोलताना त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

अदीनाने चहा ठेवला. साखर दोनदा घातली, इतकं तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जीव तुटत होता हो तिचा! पण म्हणाली, "देवाचं नाव घेऊन विमान उडणार, आणि मी देवाचा वार मोडून त्यात चढू? सुमैयाला न्या. ती करेल. पुढच्या उड्डाणाला मी आहेच."

त्या शनिवारी ती दिवसभर खिडकीशी बसून होती. विमान तिथून दिसणार नव्हतंच, तरी. आभाळात तीन तारे दिसल्यावर शब्बाथ संपला, तेव्हा तिने फोन सुरू केला. सुमैयाचा व्हॉइस मेसेज होता. पोरगी हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. दुआ झाली, घोषणा करताना आवाज कापला नाही, समुद्रावरून एक फेरी मारून सगळे सुखरूप परत आले.

पुढचं उड्डाण झालंच नाही. लायसन्स अडकलं, गुंतवणूकदार एकेक करून फोन उचलेनासे झाले, विमान मालकाकडे परत गेलं. हां हां म्हणता रहबर एअरचा कारभार आटोपला. हसणारे आता तोंडावर हसायला लागले.

हॉल सोडायच्या आदल्या दिवशी अदीना मलिदा घेऊन गेली. भिजवलेले पोहे, साखर, खोवलेला नारळ, खजूर, फळांच्या फोडी, वर गुलाबाच्या पाकळ्या. नवस तो नवस, उड्डाण सुखरूप झालं होतं ना. एलियाहू म्हणजे तुमचे इलियास पैगंबर, असं तिने मुलींना सांगितलं, प्रार्थना म्हटली आणि सगळ्यांना वाढलं. सुमैयाने दोनदा घेतलं.

मुली गेल्यावर नवीदभाई अदीनाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "आपा, ते एकच उड्डाण असणार हे ठाऊक असतं, तर आला असतात?"

अदीनाच्या डोळ्यांना धार लागली. लपवली नाही तिने.

"आले असते, नवीदभाई. डेव्हिडला दिलेला शब्द मोडून आले असते. बरं झालं, ठाऊक नव्हतं."

मग तिने उरलेला मलिदा डब्यात भरला आणि तो त्यांच्या अम्मीसाठी त्यांच्या हातात दिला.