कारण मॅडम

कारण मॅडम समोरच्याच्या निबंधातलं पहिलं वाक्य न वाचताच खोडायच्या. लाल पेनाने, पट्टी लावून. मग चष्मा चढवून खोडलेलं वाक्य वाचायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर खोडलं." नाशिकमधून युरोपात शिकायला निघालेल्या प्रत्येकाच्या अर्जात ते वाक्य एकच असायचं: लहानपणापासूनच मला अमुक विषयाची प्रचंड आवड होती. "लहानपणी तुला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं," एका धिप्पाड मुलाला त्या म्हणाल्या होत्या, "आणि सप्लाय चेन मॅनेजमेंटची आवड होती?"

शाळेत छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. उपनगरच्या कॉलनीत विहाराला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. परदेशी विद्यापीठं अर्जाबरोबर एसओपी मागतात, म्हणजे हे शिक्षण तुम्हाला का हवंय याचं दोन पानी कारण. ते कारण त्या तपासून देत, म्हणून कारण मॅडम. फी घेत नसत. पण मुलाला रडू फुटेपर्यंत प्रश्न विचारत, आणि त्यापेक्षा फी परवडली असं पुष्कळांचं मत होतं.

मी सिन्नरहून एसटीने त्यांच्याकडे गेले, तेव्हा माझ्या हातात कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीने लिहून दिलेला झकास एसओपी होता. त्यात माझे आजोबा दूषित पाण्यामुळे दगावले होते आणि त्यांच्या उशाशी बसून मी जलशुद्धीकरणाला आयुष्य वाहण्याची शपथ घेतली होती.

"हे या आठवड्यातले तिसरे आजोबा," मॅडम म्हणाल्या. "सगळे पाण्यानेच गेले. एवढी साथ आली आणि पेपरात एक ओळ नाही? कुठे असतात तुझे आजोबा?"

"घोटीला. तांदळाचा व्यापार आहे."

"आहे? मग लाव फोन."

मी लावला. स्पीकरवर आजोबा बाजाराच्या गोंगाटात ओरडू लागले, "कोन मेलं? मी? मी हाय ना जित्ता! पोरी, तुला भाईर पाठवायला मलाच मारावं लागतंय का? मंग लिही बाई. पन तुझ्या आजीला वाचून दाखवू नको, ती लय खूश हुईल."

मॅडम खळखळून हसल्या. मग दोन्ही पानं शांतपणे फाडली आणि विचारलं, "आता खरं सांग. का जायचंय?"

"तिकडे नोकऱ्या चांगल्या मिळतात."

"ते राहण्याचं कारण. शिकण्याचं सांग."

"मैत्रिणी चालल्यात."

"मग सहल काढा."

असं तासभर चाललं. शेवटी माझ्या तोंडून निघालं ते मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. एका कारखान्यात मी वर्षभर सांडपाण्याच्या प्लांटवर नोकरी केली होती. तिथलं पाण्यातली घाण मोजणारं मीटर बंद होतं. रजिस्टरमध्ये रोज एकच आकडा लिहायचा, असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि मी तो वर्षभर लिहिला. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा खरा आकडा काय होता, ते मला कधीच कळलं नाही.

मॅडमनी टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "हे लिही."

"हे वाचून मला कोण घेईल?"

"तो त्यांचा प्रश्न. कारण तुझं आहे."

जर्मनीतल्या एका विद्यापीठाने घेतलं. मी कन्सल्टन्सीचं एक अक्षर वापरलं नव्हतं, तरी त्यांच्या फ्लेक्सवर माझा फोटो झळकला. त्यांनी निघालेल्या सगळ्या मुलांचा गौरव समारंभ ठेवला. फेटे, शाली, सनई, आणि प्रमुख पाहुण्या कारण मॅडम. त्यांनी फक्त गुच्छ द्यायचे होते. त्यांनी माईकही घेतला.

"कुठे चाललास, बाळ?" त्यांनी पहिल्याच मुलाला विचारलं.

"पोलंडला."

"काय शिकायला?"

मुलाने कन्सल्टन्सीच्या डायरेक्टरांकडे बघितलं. डायरेक्टरांनी फाईलकडे बघितलं. "मॅनेजमेंट," डायरेक्टर म्हणाले.

"कशाचं?"

डायरेक्टर फाईलची पानं उलटू लागले. मग नामपूरहून खास आलेले मुलाचे मामा मागच्या रांगेतून गरजले, "इंटरनॅशनल!" प्रचंड टाळ्या पडल्या.

जेवणाच्या वेळी डायरेक्टर मॅडमच्या ताटापाशी येऊन अदबीने म्हणाले, "आमच्यासाठी महिन्याला पन्नास एसओपी लिहून द्या ना. घरबसल्या काम." मॅडमनी पुरी मोडली. "पन्नास मुलांची कारणं मला कशी ठाऊक असणार? त्यांच्या आयांनासुद्धा नाहीत." डायरेक्टर मनापासून हसले. त्यांना तो होकार वाटला असावा.

जर्मनीतून मी दर रविवारी मॅडमना फोन करायचे. बर्फ, भारतीय दुकानातल्या कांद्याचा भाव, कॅन्टीनमधलं माझं भांडी धुण्याचं काम, सगळं रंगवून सांगायचे. त्या ऐकून घेत आणि विचारत, "लायब्ररी कशी आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे? पुस्तकं कपाटात बंद असतात की हाताने काढता येतात? बसायला खिडकी आहे?"

मला सांगता येईना. माझ्या खोलीतला हीटर कुरकुरायचा म्हणून मी लायब्ररीत जायचे, आणि उबेला बसून नोकऱ्यांच्या जाहिराती बघायचे. "कमाल आहे," मॅडम म्हणाल्या. "इतकी मुलं पाठवली. सगळ्यांना तिथल्या कांद्याचा भाव पाठ. खिडकी कुणालाच दिसली नाही."

पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही. व्हिसाची मुदत संपली आणि मी सिन्नरला परतले. लोक भेटायला येत, आवाज खाली आणून विचारत, "का गं, परत का आलीस?" जणू घरात कुणी गेलंय. माझा फोटो असलेल्या फ्लेक्सवर आता एका मुलाचा फोटो होता, नेदरलँड्सचा. पाण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं, तरी तोंड लपवून मी दोन महिने नाशिकला जायचं टाळलं.

शेवटी मॅडमकडे गेले. उत्तर पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलंच नाही. "आलीस? चहा टाक," म्हणाल्या, आणि मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा माझ्यासमोर दोन कागद सरकवले. "हे जरा तपास."

एसओपी होता. आयर्लंडमधलं एक विद्यापीठ, इंग्रजी साहित्य, एका वर्षाचा अभ्यासक्रम. अर्जदाराचं वय बासष्ट. त्यांनी लिहिलं होतं: मी कधीही न पाहिलेल्या देशांची पुस्तकं छत्तीस वर्षं शिकवली. शिकवताना मला शंका येत. त्या मी वर्गापासून लपवल्या, कारण शिक्षिकेला शंका असू नयेत असं मला वाटे. आता त्या कुणाला तरी विचारायच्या आहेत.

मॅडमच्या घरात गहजब झाला. पुण्याहून मुलगा आला. "आई, तुझ्या वयाच्या बायका मुलाकडे राहायला जातात. तू मुलांसारखी होस्टेलवर चाललीस?" धाकटी बहीण समजावून गेली, "ताई, मन रमत नसेल तर बोधगयेला जाऊन ये." मॅडम म्हणाल्या, "जाऊन आले ना. फार शांत वाटलं. पण मला आता भांडायचंय."

अर्जात एक रकाना होता: शिक्षणात खंड पडला असल्यास कारण द्या. एका वर्षाच्या खंडासाठी आमच्याकडची मुलं कावीळ, टायफॉइड आणि दोन्ही एकदम लिहितात. मॅडमचा खंड एकोणचाळीस वर्षांचा होता. त्यांनी लिहिलं: नोकरी, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि कुणी विचारलं नाही.

प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी सकाळी गाडीभोवती अख्खी कॉलनी जमली. विहारातल्या बायकांनी फुलं दिली. मुलगा तोंड फुगवून बॅगा चढवत होता, आणि आईच्या गुडघ्याचा पट्टा वरच्या कप्प्यात ठेवलाय हे तीन-तीनदा सांगत होता. डायरेक्टर न बोलावता फोटोग्राफर घेऊन हजर. "मॅडम, एक फोटो. ज्येष्ठांसाठी आम्ही नवीन विभाग काढतोय." मॅडमनी केस नीट केले. "काढा. पण खाली विषयाचं नाव छापा."

गाडी सुरू झाल्यावर त्या काच खाली करून मला एवढंच म्हणाल्या, "रविवारी फोन मी करीन."

तीन रविवार गेले, फोन आला नाही. चौथ्या रविवारी मॅडमचा एक व्हॉइस मेसेज आला. शिकवणारी बाई त्यांच्या मुलाहून लहान होती, आणि वर्गातली पोरं नातवंडं शोभतील एवढी.

"इथे मला कुणी मॅडम म्हणत नाही गं," त्या सांगत होत्या. "ताई नाही, आई नाही, काकू नाही. पहिल्या दिवशी मी हात वर केला, तर ती बाई म्हणाली, 'विमल, बोल.' मी मागे वळून बघितलं, कोण विमल म्हणून. आई गेल्यापासून नुसतं नाव घेऊन मला कुणी हाक मारली नव्हती."

कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग उठले," त्या म्हणाल्या, "आणि विचारली शंका."