नोहाच्या नावेतली वांगी

नानांना हरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नरडाण्यापासून पिंपळनेरपर्यंत कुठेही कलगी-तुऱ्याचा सामना असो, दोन फड समोरासमोर बसत. एकाने गाण्यातून पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. नाना डफावर थाप मारून विचारत, माशाच्या पोटात तीन दिवस कोण राहिला? समोरचा फड गार. ठाऊक नाही म्हणणं म्हणजे नाक कापून घेणं, म्हणून बिचारे सगळी पुराणं चाचपून बघत. नाना नुसती मान हलवत.

मी त्यांच्या फडात तुणतुणं वाजवायचो, म्हणून गुपित मला ठाऊक होतं. बैलगाडीवरून पडून पाय मोडला तेव्हा नाना तीन महिने मिशनच्या दवाखान्यात होते. तिथली नर्सबाई रोज संध्याकाळी बायबलातल्या गोष्टी वाचून दाखवी. माशाच्या पोटातला योना तिथलाच. बाकीचे रोगी घोरत, नाना कवनं जुळवत. "पाय वाकडा बसना, पन गोठी नीट बसन्यात," असं ते म्हणत.

पण जसंच्या तसं उचलतील तर ते नाना कसले! केसांत बळ असलेल्या शमशोनाची हजामत करायला त्यांनी धुळ्याहून न्हावी बोलावला होता. महापुरात जनावरांच्या जोड्या घेऊन निघालेला नोहा तर पक्का खानदेशी. त्याची नाव तापीत तरंगे आणि लळिंगच्या डोंगराला टेके. नावेत वाघ, हत्ती आणि भरिताच्या वांग्यांचं बी. मी एकदा म्हटलं, "नाना, पुस्तकात वांगी नसतील हो." ते माझ्यावरच उखडले.

"मंग पानी उतरावर लोके काय खातीन? नोहाले अक्कल व्हती!"

नानांच्या मुलीशी, गंगूशी, माझं लग्न ठरलं होतं. नेमका तेव्हाच, हरून हरून कावलेल्या एका फडाने बोभाटा केला की नाना बाटले, पादऱ्याची गाणी गातात. जातीच्या पंचांचं बोलावणं आलं. आरोप खरा ठरला तर घर वाळीत आणि आमचं लग्न मोडलं. पंचांत माझे वडीलही होते. त्यांनी मला आधीच बजावलं, "वाळीतला घरनी पोर आपले नको." माझी पाचावर धारण बसली.

मारुतीच्या पारावर नाना आले ते डफ घेऊनच.

"मी दोन कवनं म्हनस. दोन्हीमा पूर शे, दोन्हीमा नाव शे. एक पादरीनी गोठ, एक आपला पुराननी. पादरीनी कोनती ते तुम्ही वळखा. वळखी, ते मी बाटना समजा. नही वळखी, ते मन्ही पोरनं लगीन व्हवाले जोयजे."

पंचांनी माना डोलावल्या. पहिल्या कवनात पूर आला, मोठा मासा आला, त्याच्या शिंगाला बांधलेली नाव आली. दुसऱ्यात तापी, लळिंग आणि वांगी. पंचांनी डोकी एकत्र केली. मासा ऐकताच सगळ्यांना माशाच्या पोटात राहणाऱ्याचा तो सवाल आठवला होता. माझे वडीलच ठासून म्हणाले, "मासावालं पादरीनं! दुसरं आपलंच शे, त्यामा वांगा शेतस."

पारावर बसलेले पुराणिकबुवा हसता हसता ठसकले. "अहो, तो मत्स्यावतार! ती मनूची नाव!"

वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलगा म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो. महिन्याभरात लग्न लागलं. पंगतीला भरीत होतं, तो नानांचा हट्ट.

पुढे एकदा मी भीत भीत विचारलं, "पण नाना, हे आपल्याला चालतं का हो?"

"गोठ बाटस नही, भाऊ. ज्या घर जास, त्या घरनी भाकर खास."

नाना गेले आणि त्यांच्यामागे फडही मोडला. असा खोडकर, निर्मळ माणूस मला पुन्हा भेटला नाही. एकदा त्या दवाखान्यावरून जाताना मी नर्सबाईंकडून ते पुस्तक मागून आणलं आणि नोहाची सगळी पानं ओळीवर बोट ठेवून वाचली. वांगी नव्हतीच. नसणार हे ठाऊक असूनही मला उगाच हळहळ वाटली.

गंगू चुलीशी वांगं भाजत होती. तिला सांगितलं, तर तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"छापतांना राही गयं व्हई," ती म्हणाली.