एकच्या भोकातलं शिसं

दाजींचा फासा मी बिघडवला. चुकून नाही, ठरवून. आणि दाजी गेले तेव्हा ही गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही, अशा समजुतीत मी होतो.

ताईचा फोन आला तेव्हा मी भूमकर चौकात सिग्नलला अडकलो होतो. "विलास, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. त्यावर मी काय बोललो ते लिहायलाच हवं, म्हणजे पुढचं सगळं वाचताना माणूस कोणत्या जातकुळीचा आहे ते लक्षात राहील. मी म्हणालो, "अगं झोपू दे की, रिटायर माणूस आहे." मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, सिग्नल सुटलेला होता, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला… पुनावळ्याहून कासारवाडीला मी कसा पोचलो ते मला आजही सांगता येणार नाही. दाजी अंथरुणावर कुशीवर झोपले होते. चष्मा उशाशी, काड्या नीट मिटलेल्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उत्तमराव. मूळचे परभणीकडचे. विशीत कामासाठी इकडे आले आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी सारी नोकरी काढली. काम एकच, तयार झालेला भाग मोजायचा. बरोबर असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर त्याला लाल टॅग बांधायचा आणि टॅगवर दोष काय, कोणामुळे, कारवाई काय, हे स्वच्छ अक्षरात लिहायचं. माणसांकडेही ते आधी मोजल्यासारखेच बघायचे. पहिल्या भेटीत त्यांनी मला असं न्याहाळलं होतं की हा माणूस आता माझ्या मनगटाला टॅग बांधतो की काय, असं मला वाटलं. बांधला नाही. ती त्यांच्या नोकरीतली एकमेव चूक असावी.

आणि या माणसाला एक वेड होतं. दर मे महिन्यात ते घरच्यांसाठी एक नवा खेळ बनवायचे. विकत आणलेला खेळ त्यांना चालायचा नाही. "त्या डब्यात आपली माणसं कुठं हायत?" असं विचारायचे. कंपनीत पॅकिंगचा जाड पुठ्ठा टाकून दिला जायचा, तो रीतसर गेटपास करून घरी आणायचे. पट आखायचे ते स्वतः, स्टीलच्या पट्टीने, एकेक घर मिलीमीटरला मिलीमीटर. रंगवायची त्यांची मुलगी सायली. ती शाळेत असल्यापासूनचा हा दोघांचा करार होता. बाप आखणार, लेक रंगवणार, आणि पट पुरा होईपर्यंत त्या खोलीत ताईलासुद्धा प्रवेश नाही. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज तेवढा यायचा. दाजींना हसताना मी फारसं पाहिलेलं नाही, ऐकलंय मात्र पुष्कळ, ते त्या बंद दारातून.

सगळ्यांत गाजलेला खेळ 'शिफ्ट सुटली'. चाकणच्या गेटपासून निघायचं आणि कासारवाडीच्या घरात पोचायचं. वाटेत घरं अशी… 'कंपनीची बस चुकली, तीन घरं मागं.' 'ओव्हरटाइम लागला, एक डाव बसून राहा.' 'नाशिक फाट्यावर शेजारी भेटला, त्याच्या गाडीवर बसा, पाच घरं पुढं.' आणि मोशीच्या आसपास एक घर खास माझ्यासाठी होतं. 'मामाची गाडी बंद पडली, सगळ्यांनी उतरून ढकला.' त्या घरावर कोणीही आला तरी सगळेच एकेक घर मागे. म्हणजे मी माझ्या घरी बसलेला असलो तरी माझ्यामुळे सगळ्यांचं नुकसान होणार, हे दाजींनी आधीच मोजून ठेवलं होतं. गाडी खरोखर बंद पडली होती, हे मान्य. त्यात पेट्रोल नव्हतं, हेही मान्य. पण तीन मैलाच्या ढकलाढकलीनंतर ते माझ्या लक्षात आलं, ही गोष्ट पटावर छापायची काय गरज होती…

खेळ कोणताही असो, नियम एकच, की जो शेवटी पोचेल त्याने सगळ्यांची जेवणाची भांडी घासायची. सलग चार मे महिने भांडी मी घासली. पाचव्या वर्षी खेळ आमच्या पुनावळ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये ठरला. माझे दोघं मेहुणे येणार होते, बायको आधीच हसत होती, आणि मी ठरवलं, या वर्षी नाही.

त्या वर्षी दाजींनी फासाही घरीच केला होता. टूलरूममधल्या पांढऱ्या नायलॉनच्या तुकड्यातून कापलेला, कानशीने घासून, तिन्ही बाजूंनी व्हर्नियर लावून मोजलेला. ठिपक्यांची भोकं ड्रिलने पाडून त्यात काळा रंग भरला होता. साठ वेळा टाकून बघितला होता आणि प्रत्येक आकडा दहाएक वेळा आला तेव्हाच पास केला होता. खेळाच्या आदल्या दिवशी मी सामान न्यायला कासारवाडीला गेलो. दुपारची वेळ, दाजी आणि ताई आडवे झालेले, सायली तिच्या डिप्लोमाच्या क्लासला. फासा टेबलावर. फळीवर सायलीचा सोल्डरिंगचा डबा… आता बघा, अशा वेळी माझी अक्कल कशी धावते. सहा वर यायचा तर खालची बाजू जड हवी. सहाच्या खाली असतो एक. एकचं भोक एकटं, बरोबर मधोमध. दाजींच्याच हातड्रिलने मी ते खोल केलं, सायलीच्या डब्यातली शिशाची तार तोडून ठोकून बसवली, वरून काळा रंग दिला. आयुष्यात मी सफाईदार केलेलं काम म्हणाल तर ते एकच.

दुसऱ्या दिवशी मी जिंकलो. नुसता जिंकलो नाही, नाचलो. मेहुण्यांना भांडी दाखवली, खुर्चीवर उभा राहून भाषण केलं. दुसरा डाव झाला, त्यात सगळ्यांनाच सहा पडायला लागले; फासा सगळ्यांचा एकच असतो, हे मी विसरलो होतो. थोरला मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमचा फासा रिजेक्ट करा राव, वाकडाय." सगळे हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी फासा तळहातावर घेतला, वजन बघितल्यासारखा हलवला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेपर पसरून एकटेच टाकत बसले. साठ वेळा. बाहेर आले ते कागद हातात घेऊन. "बावीस येळा सहा आला," ते म्हणाले. "माझी चूक हाय. मोजायला कमी पडलो म्या."

कबूल करायचा तोच क्षण होता. तेव्हा "दाजी, गंमत केली हो," म्हटलं असतं तर शिव्या पडल्या असत्या, भांडी पडली असती, आणि पुढच्या वर्षीच्या पटावर माझ्या नावाचं आणखी एक घर आलं असतं. पण नुकतंच भाषण केलेलं. मेहुणे समोर. मी म्हणालो, "जाऊ द्या हो दाजी, चालायचंच." मोठ्या मनाने. मी त्यांना माफ केलं.

त्यानंतर आठवड्याने दाजी म्हणाले, "विलासराव, चलता का? डोळं तपासून घ्यावं म्हणतो." रिटायरमेंटला वर्ष राहिलं होतं आणि आपल्या हातून चुकीचा भाग सुटायला लागला की काय, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. मी गेलो. गाडीवर मागे बसवून नेलं. डॉक्टर म्हणाला, नंबर अजिबात बदललेला नाही. येताना पिंपरीच्या पुलावर दाजी म्हणाले, "डोळं नाही म्हणल्यावर मग काय म्हणावं?" मी गाडी चालवत राहिलो. उलट वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही, असं दाखवलं.

पुढच्या मे महिन्यात खेळ झाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी विचारलं की, "टाइम कुठं हाय," म्हणायचे. नोकरी संपली, टाइमच टाइम झाला, तरी नाही. सायलीला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली, तीही बापासारखी क्वालिटीत. एकदा ती मला म्हणाली होती, "मामा, पप्पा आता पट काढतच नाहीत. मी नवे रंग आणून ठेवले, ते पण नको म्हणाले. माझ्या हातचं आवडत नसेल त्यांना आता." मी म्हणालो, "म्हातारपण असतं गं." हे वाक्य फार सोयीचं आहे, कुठल्याही भोकात बसतं.

दाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले. ताई म्हणाली, त्यांचा हत्याराचा खण तेवढा आवर, माझ्याने बघवत नाही. व्हर्नियर, कानशी, पट्टी, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. तळाशी एक पत्र्याची डबी. तिच्यात माझा फासा. म्हणजे त्यांचा. हॅकसॉने मधोमध कापलेला, दोन तुकडे, आणि एका तुकड्यात करडं शिसं चमकत होतं. त्याला लाल टॅग बांधलेला होता. कंपनीतलाच टॅग, अक्षर त्यांचं, स्वच्छ.

वस्तू, फासा. दोष, एकच्या भोकात शिसं. कोणामुळे, सायली, तार तिच्या डब्यातली. आणि खाली, कारवाई… 'विचारायचं नाही. पोरगी मोठी झाली, खेळाचा कंटाळा आला असंल. पुन्हा आग्रह करायचा नाही.'

म्हणजे त्यांना स्वतःच्या हातावरचा विश्वास परत मिळाला होता, आणि त्याच्या बदल्यात लेक गेली होती. वर्षानुवर्षं ते तिला त्रास होऊ नये म्हणून पट आखत नव्हते, आणि ती समजत होती की आपण रंगवलेलं त्यांना आवडत नाही. एकाच घरात, ताटाला ताट लावून. आणि दोघांच्या मध्ये मी, भाषण करून खुर्चीवरून उतरलेला.

मग मी काय केलं? डबी खिशात घातली. ताईला सांगितलं, खणात विशेष काही नाही. महिनाभर ती डबी माझ्याकडे होती. फेकून द्यावी म्हणून पवनेच्या पुलावर दोनदा थांबलो. फेकली असती तर सायलीला कधीच कळलं नसतं की बापाने फासा तिच्या नावावर टाकला होता, आणि हेही कळलं नसतं की तरी तो तिच्यावर नाराज नव्हता. दुसऱ्या खेपेला मागून एक गाडीवाला म्हणाला, "काका, उडी मारू नका, वास येतो पाण्याला." माझं दुःखसुद्धा कोणी धड मनावर घेत नाही.

शेवटी गेल्या रविवारी गेलो. ताई शेजारी गेली होती. सायली फर्स्ट शिफ्ट करून आलेली, कंपनीचा शर्ट अंगावर तसाच. काय बोलायचं ते मी गाडीवर पाठ केलं होतं, सुरुवातीला थोडं विनोदी अंगाने. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. डबी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "हे मी केलं होतं. तू नाही." तिने तुकडे बघितले. टॅग वाचला. परत वाचला. खालच्या ओळीवर बोट ठेवून बसली. मी सगळं सांगितलं, भोक, तार, भाषण, डोळ्यांचा डॉक्टर, महिनाभर डबी लपवली तेही. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं.

मग उठून तिने पेन आणलं आणि टॅग माझ्यापुढे सरकवला. "दुरुस्त करा," म्हणाली. मी घाईघाईने तिचं नाव गिरवून काळं करायला लागलो तर तिने हात धरला. "गिरवायचं नाही. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नाव, आणि सही." मी रेघ मारली. खालचं 'सायली' स्पष्ट दिसत होतं, दाजींच्या हातचं. शेजारी माझं नाव लिहिलं, सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की मला भरून आलं, खिशातला रुमाल सापडेना…

ती टॅगची शाई वाळायची वाट बघत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, रडायचं असेल तर घरी जाऊन रडा. इथे रडलात तर मला तुमची समजूत काढावी लागेल, आणि आज मला ते जमणार नाही."